इख्लासने तोंड कुठल्या नदीत धुतलं

तूती बेट, खार्तूम
(फेरीच्या धक्क्यावर बसून लिहितोय. घरात लिहिलं असतं तर कुणीतरी खांद्यावरून वाचलं असतं.)

तिजानीमामांना भाच्याचा सलाम,

आधी एक पाप कबूल करतो, मग तब्येत विचारतो, कारण उलट केलं तर माझा धीर जाईल. आपल्या बेटावर सध्या एक फार जुनी, फार पवित्र, पणजीच्या पणजीपासून चालत आलेली रीत लोक डोळे मिटून पाळतायत. ती मी बनवली. सव्वादोन महिन्यांपूर्वी, चहा गाळता गाळता. तुम्ही हे वाचताना उभे असाल तर बसा. बसलेले असाल तर गुडघा सरळ ठेवा, तुमचा उजवा गुडघा वाकडा ठेवला की दुखतो हे मी विसरलेलो नाही.

आता तब्येत. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? बंदरातली ती दमट हवा आम्हा नदीच्या माणसांना मानवतच नाही, समुद्राचं पाणी पिता येत नाही त्या गावाचा काय भरवसा, असं हबोबा रोज एकदा म्हणते. हबोबा (तुमची आई, माझी आजी आणि दोघांचीही धास्ती) ठणठणीत आहे. आई-बाबा बरे आहेत. बकरी व्याली, दोन करडं झाली, त्यातल्या एकाचा चेहरा हुबेहूब आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांसारखा आहे, म्हणून मी त्याला बघितलं की अजून सरळ उभा राहतो. (शाळा मी सोडली की शाळेने मला, हा वाद तुम्हाला माहीत आहेच.) तुमच्या भाचीच्या, म्हणजे आमच्या इख्लासच्या लग्नाला बंदराच्या साहेबाने तुम्हाला रजा दिली नाही याचं सगळ्यांना फार वाईट वाटलं. पण रीत ती रीत. नवरीच्या मामाने पहिला घास घेतल्याशिवाय मांडवात कुणी ताटाला हात लावायचा नाही, आणि तो घास मेंढ्याच्या कलेजीचाच पाहिजे, म्हणून तुमच्या नावाचं ताट सगळ्यात आधी वाढलं. दोनशे माणसं भुकेली बसून त्या ताटाकडे बघत होती. शेवटी तुमच्या वतीने मी खाल्लं. कलेजी उत्तम होती.

तार मिळाली असेलच. "लग्न झालं. सगळे ओले. सुखरूप." तार बाबांनी केली, आणि शब्दाला पैसे पडतात म्हणून बाबा शब्द किती जपून वापरतात ते तुम्ही जाणता. तुम्ही इतके दिवस विचार केला असेल की सगळे ओले का. तेच सांगायला बसलोय.

तर मामा, नवरा मुलगा मुझम्मिल. नदीपलीकडचा, उम्मदुर्मानच्या मवर्दा भागातला. पाटबंधारे खात्यात आहे. काठावर ती उंच दगडी पट्टी आहे ना, तिच्यावर पाणी कुठवर चढलं ते रोज सकाळी वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. मुलगा सोन्यासारखा. आवाज कधी चढत नाही, नदी चढली तरी. आपली इख्लास दिवसभर बोलते आणि तो दिवसभर ऐकतो, त्यामुळे दोघांचं जमणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. अडचण एकच, त्याची आत्या. मुझम्मिलची आई तो लहान असतानाच गेली, त्याला वाढवलं या आत्याने, हाजा बतूलने. मक्केला जाऊन आल्यापासून त्यांना नुसतं बतूल म्हटलेलं चालत नाही, आणि त्या मक्केला जाऊन आल्या हे विसरण्याची संधी त्या कुणाला देत नाहीत. त्यांनी फेरीबोटवाल्यालासुद्धा सांगितलं होतं.

हाजा पाच बायका घेऊन लग्नाची बोलणी करायला आल्या. चहा मी केला. (आई आत पाहुणचाराच्या गडबडीत होती, आणि माझ्या चहाला बेटावर नाव आहे, हे तुम्ही मान्य करा किंवा नका करू.) हाजांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या की बेटाच्या पाण्याला चिखलाचा वास येतो. मी दुसरा पेला भरला. मग त्या म्हणाल्या की लग्न लागल्यावर नवरा-नवरी तोंड धुवायला मवर्द्याच्या काठावर उतरतील, त्यांच्या घरात तसंच चालत आलंय. मी तिसरा भरला. मग इख्लासकडे वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या की या बेटावरच्या पोरी एवढ्या तोऱ्यात का असतात हे त्यांना कधी कळलं नाही.

इथे माझी जीभ सुटली. मामा, शपथेवर सांगतो, मी त्या बाईला फक्त एक रात्र जागं ठेवणार होतो. लग्नात नवरा-नवरी तोंडात दूध धरून एकमेकांवर फुंकतात, जो आधी फुंकेल त्याची संसारात चालते, ही रीत तर खरीच आहे. मी तिलाच थोडं पाणी घातलं. अगदी नम्रपणे, गाळणी हातात धरून, मी म्हणालो की हाजा, ते पाण्यामुळे. आमच्याकडे नवरी लग्नाच्या दिवशी निळ्या नाईलमध्ये तोंड धुते. निळीत धुतलं की घरात बायकोची चालते, नवऱ्याला शिंकायलासुद्धा परवानगी लागते. पांढरीत धुतलं की नवऱ्याची चालते. तुमच्या काठाला पांढरीचंच पाणी लागतं, तेव्हा तुम्हाला हे माहीत असेलच.

हाजांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी हसणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाजेवरून हबोबाचा आवाज आला. "खरं आहे," हबोबा म्हणाली. "माझ्या आजीपासूनचं आहे." आणि परत माळ ओढायला लागली.

माझ्या हातातून गाळणी पडली. पण खरी गंमत पुढे. हाजा बतूलला न माहीत असलेली रीत जगात असेल, हे त्या कशा कबूल करणार? त्या म्हणाल्या की अर्थात माहीत आहे. म्हणूनच तर आमच्याकडे शंभर वर्षं पांढरीत धुतात. पेला उचलून त्यांनी तो चिखलाच्या वासाचा चहा एका दमात संपवला आणि पाचही बायका उठल्या. जाताना दारात सांगून गेल्या की नवरी पांढरीत तोंड धुणार असेल तर लग्न, नाहीतर त्यांच्या मुझम्मिलला जन्मभर परवानगी घेऊन शिंकायला लावायची त्यांची तयारी नाही. आई आतून ताट घेऊन आली तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अख्ख्या बेटाला ही रीत पाठ. मामा, मी डाळ आणायला गेलो तर दुकानदार मलाच समजावून सांगत होता. त्याच्या मावशीने म्हणे चुकून पांढरीत तोंड धुतलं होतं, आणि बिचारीला पुढे चाळीस वर्षं नवऱ्याने एकदाही माहेरी पाठवलं नाही. (ती मावशी मला माहीत आहे. तिचं माहेर तिच्या घराला लागून आहे, मधे फक्त भिंत.) प्रत्येकाकडे एक दाखला. म्हाताऱ्या बायका एकमेकींना आठवण करून देत होत्या, आणि ज्यांना आठवत नव्हतं त्या वय झालं म्हणून स्वतःला दोष देत होत्या. बेटाची इज्जत पणाला लागली. आपली पोरगी पांढरीत तोंड धुणार नाही, असं बाबांनी जाहीर केलं. बाबा, जे तोपर्यंत दोन नद्यांमध्ये कुठला मासा जास्त लागतो एवढाच फरक करायचे.

तीन आठवडे माणसं फेरीने इकडून तिकडे जात राहिली. इकडचे सहा म्हातारे, तिकडचे सहा म्हातारे, मधे चहा. मी मुझम्मिलला त्याच्या पट्टीपाशी गाठलं आणि म्हटलं की तू शिकलेला माणूस आहेस, आत्याला सांग की पाणी म्हणजे पाणी. तो वहीत आकडा लिहीत होता. म्हणाला की आत्याने त्याला स्वतः उपाशी राहून वाढवलंय, तो नदीशी भांडेल पण आत्याशी नाही. मग त्याने पेन्सिलीचं टोक खूप वेळ चाटलं आणि विचारलं की इख्लास जेवते का. मला तिथेच नदीत उडी मारावीशी वाटली, कुठल्याही नदीत.

कारण इख्लास जेवत नव्हती. आणि मग हाजांकडून निरोप आला की नवऱ्याकडून आलेली कपड्यांची, अत्तरांची पेटी परत पाठवा. मामा, असं झालं की सगळं संपलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमची इख्लास त्या पेटीवर जाऊन बसली. सकाळी बसली ती दुपारच्या नमाजपर्यंत उठली नाही. आई रडून थकली, बाबा ओरडून थकले. शेवटी सगळे गेल्यावर मी पाणी घेऊन गेलो. तिने पाणी घेतलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मिरगनी, ही रीत तुझी आहे ना?"

मी म्हटलं कुणी सांगितलं.

"शिंकायला परवानगी. हे तू रोज माझ्याबद्दल म्हणतोस, दुसरं कोण म्हणणार?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, आणि ती खालच्या आवाजात बोलते तेव्हा मला जास्त भीती वाटते, "मला तोच पाहिजे. तू केलंस, तूच निस्तर. नाहीतर मी या पेटीवर म्हातारी होईन, आणि म्हातारी झाले की पेटीसकट तुझ्या घरी राहायला येईन."

मामा, मी वाईट नाही. त्याच दिवशी असरच्या, उतरत्या दुपारच्या नमाजनंतर आपल्या अंगणातल्या कडुलिंबाखाली दोन्हीकडचे बारा म्हातारे बसले होते, मी सरळ मधे जाऊन उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. म्हटलं, अशी रीत नाही. मी बनवली. हाजांनी चहाला नावं ठेवली म्हणून बनवली. मला मारा, पण लग्न करा.

बारा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग हाज सिद्दीग (तेच, ज्यांच्या कलिंगडाच्या वाफ्यात तुम्ही आणि बाबा पकडले गेला होतात) खो खो हसले. म्हणाले की कालचं पोर, आणि म्हणतंय की हे मी बनवलं. उद्या म्हणेल की नदी मी खणली. उम्मदुर्मानवाल्यांना वाटलं की बेटाने मला हे बोलायला शिकवलं. बेटवाल्यांना वाटलं की उम्मदुर्मानने मला फितवलं. मी शपथ घ्यायला लागलो तर एकाने शेजारच्या अब्बासकाकांना पुरावा म्हणून पुढे ओढलं आणि विचारलं की अब्बास, तू खरं सांग, तुझ्या लग्नात तोंड कुठल्या नदीत धुतलं. मामा, अब्बासकाकांनी उत्तर देण्याआधी मागे वळून बायकोकडे बघितलं. संपलं. बारा म्हाताऱ्यांनी एकदम माना हलवल्या, एवढा मोठा पुरावा कोर्टातही मिळत नाही. मी शेवटच्या आशेने हबोबाकडे बघितलं. ती म्हणाली की पोराला ताप आहे, त्याला आत न्या. बाबांनी मला कानाला धरून आत नेलं.

खरं बोलून काही होत नाही हे कळल्यावर माझ्याकडे माझा नेहमीचा धंदाच उरला. एका रीतीने भांडण लागलंय, तर ते तिच्याहून जुन्या रीतीने मिटेल. पण ती माझ्या तोंडून चालणार नव्हती, मला तर ताप होता. ती अशा माणसाच्या तोंडून यायला पाहिजे होती जो वर्षातून चार वाक्यं बोलतो. म्हणून मी कर्रार नावाड्याकडे गेलो.

कर्रार आठवतो ना? तुम्ही गेलात तेव्हा म्हातारा होता, अजून तेवढाच म्हातारा आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला, जिथे दोन नद्या मिळतात तिथे, तो जाळं शिवत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. समोर पाणी होतं. पूर ओसरलेला, अशा दिवसांत दोन्ही पाण्यांमधली रेघ कशी दिसते तुम्हाला माहीत आहे, इकडे गडद, तिकडे दुधट, आणि दोघी बराच वेळ एकमेकींना न शिवता शेजारून चालतात, भांडलेल्या जावांसारख्या. मी रेघेकडे बोट दाखवलं. त्याने तंबाखूची गोळी ओठाखाली दाबली आणि किंमत सांगितली. त्याची होडी मी खरवडायची, भेगा बुजवायच्या आणि डांबर लावायचं. पंधरा दिवस. माझ्या नखांतलं डांबर अजून गेलेलं नाही. या पत्रावर डाग दिसले तर ते त्याचे आहेत, अश्रू समजून मामींना रडवू नका.

शुक्रवारी नमाज सुटल्यावर लोक मशिदीबाहेर उभे होते, तेव्हा कर्रार आला, बाजूला थुंकला आणि म्हणाला की आमच्या वेळी हे रेघेवर व्हायचं. एवढं बोलून निघाला. पाच पावलं गेला नसेल तोच लोकांनी त्याला घेरलं. आणि मामा, मी त्याला एवढंच शिकवलं होतं, पण त्या म्हाताऱ्याला चव लागली. तो म्हणाला की होडी संगमावर न्यायची. नवरी निळीच्या बाजूला, नवरा पांढरीच्या. दोन्ही घरांतली सगळ्यात मोठी बाई साक्षीला बसवायची. दोघांनी एकाच वेळी हात बुडवायचे. आणि होडी ताजं डांबर लावलेली पाहिजे. (हे ऐकून मी खाली बसलो.) हाज सिद्दीग लगेच म्हणाले की मी तीन आठवडे हेच सांगतोय. लोकांनी मान्य केलं की हो, ते हेच सांगत होते.

निरोप उम्मदुर्मानला गेला तेव्हा मला वाटलं हाजा अडणार. पण त्यांनाही पेटी परत मागवल्यापासून झोप नसावी, कारण मुझम्मिल घरी येऊन गपचूप जेवायचा आणि गपचूप उठायचा, आणि त्यांना ते बघवत नव्हतं. त्यांना ताबडतोब आठवलं की त्यांच्या आईनेसुद्धा रेघेवरच तोंड धुतलं होतं. (त्यांची आई उंटवाल्यांच्या घरातली, लग्न झालं तिथून नदी तीन दिवसांच्या वाटेवर. पण मी ताप असलेला मुलगा, मी कशाला बोलू.) इख्लास पेटीवरून उठली. उठल्याबरोबर जी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही.

आता लग्नाचा दिवस. मेंदी झाली, चंदनाची धुरी झाली, दुधाची फुंकाफुंकी झाली (इख्लासने आधी फुंकलं. मुझम्मिलने तिला फुंकू दिलं असं मला वाटतं, पण ते जाऊ दे). असरनंतर ढोल, जीभ हलवत बायकांनी दिलेल्या हुलहुल्या आणि दोनशे माणसं पश्चिम टोकावर. समोरच्या काठावर उम्मदुर्मानची तेवढीच. होडीत सहा जण. लाल वस्त्रातली इख्लास, मनगटाला लाल रेशीम बांधलेला मुझम्मिल, निळीच्या बाजूला हबोबा, पांढरीच्या बाजूला हाजा बतूल, सुकाणूवर कर्रार आणि वल्ह्यावर मी. दोन्ही म्हाताऱ्या होडीचा आपापल्या बाजूचा काठ हाताने घट्ट धरून एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

मामा, आम्ही कुणीच एका गोष्टीचा विचार केला नव्हता. रेघ काठावरून सरळ दिसते. जवळ गेलं की ती सरळ नाही. ती वळते, फुगते, तिच्यात भोवरे आहेत, आणि होडी तिच्यावर उभी राहत नाही. एका दमात निळीत, दुसऱ्या दमात पांढरीत. दोघी म्हाताऱ्या पंचासारख्या पाण्यात बघत होत्या. हाजा म्हणायच्या निळीत गेली, मागे घ्या. मी मागे घ्यायचो. हबोबा म्हणायची पांढरीत आली, पुढे घे. मी पुढे घ्यायचो. कर्रार, ज्याने आयुष्यभर या पाण्यात होडी हाकली, तो तंबाखू चघळत आकाशाकडे बघत होता. अर्धा तास झाला. काठावरचा ढोल थकून थांबला. माझे हात सुटत आले.

मग हाजांच्या मनात आलं की होडी आपल्या बाजूला थोडी कलली तर पाणी पांढरीचंच लागेल. त्या हळूच रेलल्या. हबोबाला होडी उचलल्यासारखी वाटली, तिने मागे वळून बघितलं, आणि तीही आपल्या बाजूला रेलली, आणि ती कशी रेलते तुम्हाला माहीत आहे, तिच्यात निम्मं बेट आहे. होडी निळीकडे आडवी व्हायला लागली. हाजा घाबरून सरकल्या, पण ताजं डांबर, अंगाभोवती गुंडाळलेला त्यांचा तोब त्याला चिकटला, त्या फिरल्या, घसरल्या आणि थेट हबोबाच्या बाजूच्या काठावरून कमरेपर्यंत बाहेर. हबोबाने त्यांना वाचवायला दोन्ही हातांनी मागे ओढलं, एवढ्या जोराने की दोघी मिळून होडीच्या पलीकडच्या काठावर जाऊन आदळल्या, आणि आता हबोबा बाहेर. मी वल्हं टाकून हबोबाचे पाय धरले. होडीत घोट्यापर्यंत पाणी.

मी दोघींना आत ओढून घेतलं तेव्हा कळलं की काय झालंय. हाजा बतूल, उम्मदुर्मानच्या, डोकं खाली करून निळीत तोंड धुवून आल्या होत्या. हबोबा, बेटाची, पांढरीत.

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. केसांतून पाणी गळत होतं. मग दोघींना एकदमच आठवलं की अरे, नवरा-नवरी. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. इख्लास आणि मुझम्मिल होडीच्या शेपटाशी समोरासमोर बसले होते. दोघांची तोंडं ओली. या गडबडीत इख्लासने ओंजळ भरून त्याचं तोंड धुतलं होतं आणि त्याने तिचं, आणि ओंजळ कुठल्या पाण्यातून भरली ते कुणीही बघितलं नव्हतं.

हाजांनी विचारलं की कुठल्या नदीचं पाणी होतं. मला वाटलं की आता परत सगळं पहिल्यापासून. पण मुझम्मिल बोलला. मामा, इतक्या आठवड्यांत आत्यासमोर त्याच्या तोंडातून निघालेलं हे पहिलं वाक्य.

"आत्या, मी हे पाणी रोज मोजतो. इथे दोघींची उंची एकच आहे."

हाजा सरकून त्याच्याजवळ आल्या. मग त्यांनी आपल्या ओल्या तोबाचं टोक पिळलं आणि त्या टोकाने मुझम्मिलचं तोंड पुसलं, लहानपणी पुसत असतील तसं, नाकापासून. मग तेच टोक इख्लासकडे केलं आणि तिचंही पुसलं. हबोबाने जोरात हुलहुली दिली, काठावरून चारशे माणसांनी ती उचलली, आणि कर्रारने होडी इतक्या सरळ किनाऱ्याला लावली की मला कळलं, त्या डँबिस म्हाताऱ्याला ती रेघेवर उभी करता येत होती.

तर असे सगळे ओले, सुखरूप. तुमच्या कलेजीचं वर लिहिलंच आहे. मामींना सलाम, पोरांना पापे. गुडघा जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
मिरगनी

ता. क. एक छोटं काम आहे. त्यानंतर बेटावर तीन लग्नं झाली, तिन्ही रेघेवर. कर्रारने होडीत गालिचा टाकलाय. हे ऐकून विद्यापीठातून एक मास्तर आवाज टिपायचं यंत्र घेऊन आले, जुन्या रीती गोळा करतात म्हणे. हबोबा यंत्रात दोन तास बोलली. हाज सिद्दीग तीन. मास्तर फार सज्जन आहेत, पण त्यांना एक साक्षीदार बेटाबाहेरचाही पाहिजे, ज्याने लहानपणी ही रीत डोळ्यांनी बघितली. हबोबाने तुमचं नाव दिलंय. त्यांचं पत्र येईल. तुम्ही फक्त दोन ओळी लिहा की बघितली. होडीचं डांबर लिहायला विसरू नका, नाहीतर कर्रार रागावेल.

आ. ता. क. हाजा बतूल आता प्रत्येक गुरुवारी आपल्याकडे येतात आणि चिखलाच्या वासाचा चहा तीन पेले पितात. लग्नाहून घरी गेल्यापासून त्या आपल्या थोरल्या भावाला परवानगीशिवाय बाजारातही जाऊ देत नाहीत. म्हणतात, निळीचं पाणी लागलंय, इलाज नाही. म्हणजे मामा, मला आता नक्की सांगता येत नाही की मी ती रीत बनवली की नाही.

शेवटचं. काल राहवलं नाही, म्हणून हबोबाच्या पायाशी बसून तिला खरं सांगितलं. ती म्हणाली तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं मग "खरं आहे" का म्हणालीस. ती म्हणाली की बाहेरच्या बाईसमोर नातू एवढं चांगलं बोलला, त्याला एकटा पाडू? मी म्हटलं मग कडुलिंबाखाली मला ताप का आणलास. ती म्हणाली की तेव्हा कबूल केलं असतं तर उम्मदुर्मान जिंकलं असतं. मग बराच वेळ हसली, डोळे पुसले आणि म्हणाली की तू तुझ्या मामावर गेलास. मी विचारलं कसा. तेव्हा तिने सांगितलं, मामा, की आईच्या लग्नाआधी या बेटावर नवरीच्या भावाला किंवा मामाला कलेजीचं ताट आधी वाढायची रीत कुणी ऐकलेलीसुद्धा नव्हती. त्या दिवशी आईचा धाकटा भाऊ फार भुकेला होता म्हणे, आणि त्याने मांडवात उभं राहून सांगितलं की हे फार जुनं आहे. वीस वर्षं झाली. दोनशे दोनशे माणसं भुकेली बसतात.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. मास्तरांचं यंत्र अजून बेटावरच आहे, रोज समोरून जातं, तरी सांगितलेलं नाही. म्हणून मामा, हात जोडतो, पाया पडतो, हे पत्र वाचून झालं की फाडा आणि तुकडे समुद्रात टाका, आणि माझं कुणाला, म्हणजे कुणालाच, मामींनासुद्धा, सांगू नका.